सौर कलेक्टरमधील उष्णतावाहक आणि कार्यक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्णतावाहक म्हणजे नेमके काय, आणि आमच्या गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये तो असतो का?

कलेक्टरच्या काळ्या पट्टीवर ऊन पडले की ती तापते. ती उष्णता तिथून उचलून टाकीपर्यंत, बॉयलरपर्यंत किंवा सुकवणीच्या ट्रेपर्यंत नेणारा जो पदार्थ असतो, त्याला उष्णतावाहक म्हणतात. तो पाणी असू शकतो, पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण असू शकतो, तेल, वितळलेला क्षार किंवा नुसती हवाही असू शकते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरगुती संचांमध्ये अंघोळीचे पाणी हाच उष्णतावाहक असतो. तेच पाणी कलेक्टरच्या नळ्यांतून फिरते, टाकीत साठते आणि सकाळी बादलीत येते. अशा संचाला थेट पद्धतीचा संच म्हणतात. कलेक्टरमध्ये वेगळा द्रव फिरत असेल आणि तो आपली उष्णता हीट एक्स्चेंजरमधून (दोन द्रव न मिसळता एकाची उष्णता भिंतीतून दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणातून) पाण्याला देत असेल, तर ती अप्रत्यक्ष पद्धत होय.

कलेक्टरची कार्यक्षमता कशी मोजतात?

कलेक्टरवर पडलेल्या सौरऊर्जेपैकी किती भाग उष्णतावाहकाने प्रत्यक्ष उचलला, त्याचे प्रमाण म्हणजे कार्यक्षमता. हे प्रमाण स्थिर नसते, आणि बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात. माहितीपत्रकावर छापलेला ७५ किंवा ८० टक्क्यांचा आकडा बहुधा कलेक्टर आणि भोवतालची हवा एकाच तापमानाला असतानाचा, म्हणजे उष्णता मुळीच वाया जात नसतानाचा असतो. कलेक्टर हवेपेक्षा जितका गरम होईल तितकी उष्णता काचेतून आणि पाठीमागून निसटत राहते.

उदाहरणादाखल काच बसवलेला एक सपाट कलेक्टर घेऊ. त्याची कमाल कार्यक्षमता ७६ टक्के आहे, आणि हवेपेक्षा प्रत्येक अंशाने अधिक तापल्यावर तो दर चौरस मीटरमागे ४ वॅट गमावतो. ऊन चौरस मीटरला ८०० वॅट आहे, बाहेर २५ अंश सेल्सियस आहे आणि कलेक्टरमधल्या पाण्याचे सरासरी तापमान ६० अंश आहे. तापमानातील फरक ३५ अंशांचा, म्हणून तोटा १४० वॅट, म्हणजे ८०० च्या साडेसतरा टक्के. हाती उरली सुमारे साडेअठ्ठावन्न टक्के कार्यक्षमता. हाच कलेक्टर सकाळी ३५ अंशांच्या पाण्यावर चालत असताना ७१ टक्के देतो. अधिक तापमानाला तोटा याहून थोडा वेगाने वाढतो, पण घरगुती वापराच्या टप्प्यात एवढा हिशेब पुरतो. त्यातून एक सोपा अंदाज हाती लागतो: चांगल्या उन्हात सपाट कलेक्टर १० अंशांनी अधिक तापला की त्याचे साधारण ५ टक्के जातात.

मग उष्णतावाहक बदलल्याने कार्यक्षमता किती बदलते?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कमी, आणि तेही वेगळ्याच कारणाने. “जास्त उष्णता धरणारा द्रव घातला की हीटर जास्त पाणी तापवील” असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कलेक्टरच्या दृष्टीने उष्णतावाहकाचे काम एकच आहे: काळी पट्टी शक्य तितकी थंड ठेवणे. तिच्यावर पडलेले ऊन ज्या वेगाने येते त्याच वेगाने उचलले गेले, तर ती फार तापत नाही आणि बाहेर फारसे निसटत नाही.

हे काम दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे द्रवाची विशिष्ट उष्णता (एक किलो द्रव एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) आणि प्रवाह. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोला ४.१८ किलोज्यूल आहे, पाणी व प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाची सुमारे ३.६, तर औष्णिक तेलांची २ च्या आसपास. तेलाचा आकडा पाण्याच्या निम्मा आहे, म्हणून कार्यक्षमताही निम्मी होईल असे वाटते. पण दोन चौरस मीटरच्या कलेक्टरमधून नेहमीच्या प्रवाहाने, म्हणजे चौरस मीटरमागे सेकंदाला २० ग्रॅम या वेगाने द्रव फिरत असेल, तर निव्वळ या कारणाने पडणारा फरक तीन टक्क्यांपेक्षाही कमी भरतो.

दुसरी गोष्ट अधिक भारी पडते, आणि ती म्हणजे नळीच्या भिंतीपासून द्रवात उष्णता किती सहज शिरते. कलेक्टरच्या बारीक नळ्यांमध्ये प्रवाह बहुधा इतका संथ असतो की तो घुसळला जात नाही, थर न मोडता सरकत राहतो. अशा वेळी द्रवाची उष्णता वाहून नेण्याची अंगभूत क्षमताच निर्णायक ठरते. ती (वॅट प्रति मीटर प्रति अंश या मापात) पाण्याची ०.६ च्या थोडी वर आहे, ग्लायकॉल मिश्रणाची ०.४ च्या जवळ आणि तेलाची ०.१३ च्या आसपास. परिणामी पाण्याऐवजी ग्लायकॉलचे मिश्रण घातले की कार्यक्षमता तीन-चार टक्क्यांनी घसरते, आणि साध्या सपाट कलेक्टरमध्ये तेल घातले तर घसरण दहा टक्क्यांच्या घरात जाते. घरगुती तापमानाला पाण्यापेक्षा चांगला उष्णतावाहक उपलब्ध नाही. बाकीचे सगळे द्रव पाणी जिथे टिकत नाही तिथे टिकतात म्हणून वापरले जातात.

पाणी कुठे टिकत नाही?

शून्याला ते गोठते, समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळते, आणि त्यात विरघळलेले क्षार तापल्यावर बाहेर पडतात. लडाखमध्ये पहिली अडचण येते, कारखान्यात दुसरी, आणि महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर तिसरी.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. क्षारांचा कार्यक्षमतेशी काय संबंध?

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी “पूर्वीसारखे कडक पाणी येत नाही” या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. थंड पाण्यात ते विरघळून राहते. पाणी तापले की त्यातून कर्बवायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट भिंतीवर बसते. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना त्याच्या तळाशी जमणारे चुन्याचे पापुद्रे आठवत असतील. तोच प्रकार कलेक्टरच्या नळीत घडतो, फक्त तिथे तो दिसत नाही. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार मात्र उलट वागतो, म्हणून पाणी जिथे सर्वांत गरम, म्हणजे नळ्यांच्या वरच्या टोकाला आणि त्यांना जोडणाऱ्या वरच्या आडव्या (हेडर) पाइपमध्ये, थर सर्वांत जाड असतो.

क्षाराचा थर उष्णता अडवतो हे खरे, पण सपाट कलेक्टरमध्ये खरे नुकसान त्यामुळे होत नाही. पंप नसलेल्या संचात पाणी केवळ गरम-थंडीच्या फरकाने वर चढते, आणि हे ढकलणारे बळ अगदी तुटपुंजे असते. नळी अरुंद होईल तसा संथ प्रवाहाचा अडथळा व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत चहूबाजूंनी फक्त १ मिलिमीटरचा थर बसला की आतला व्यास १० मिलिमीटर उरतो आणि अडथळा दुपटीहून थोडा अधिक होतो. प्रवाह मंदावतो, पट्टी तापते आणि तापलेली पट्टी ऊन गोळा करण्याऐवजी ते भोवतालच्या हवेला देऊ लागते. एका गृहसंस्थेच्या गच्चीवर आम्ही नऊ नळ्यांचा कलेक्टर उघडला, तेव्हा कडेच्या दोन नळ्यांतून सायकलची तारही जाईना. मधल्या नळ्या तेवढ्या वाहत होत्या. रहिवासी मात्र दोन वर्षे काच पुसत होते.

उपाय तीन आहेत. दर वर्षा-दोन वर्षांनी सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने नळ्या धुऊन घ्याव्यात. यासाठी काही ठिकाणी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते क्षारांबरोबर सांधे आणि टाकीही खाते, त्यामुळे त्याला नकार द्यावा. दुसरा उपाय म्हणजे निर्वात काचनळ्यांचा (दुहेरी काचेच्या, मधली हवा काढलेल्या नळ्यांचा) संच घेणे. त्यातली आतली नळी चार सेंटिमीटरहून अधिक रुंद असल्याने क्षार तळाशी वाळूसारखे साठतात, पण प्रवाह लवकर अडत नाही. तिसरा म्हणजे अप्रत्यक्ष पद्धत, ज्यात कलेक्टरमधून तेच ते स्वच्छ पाणी फिरत राहते आणि नवा क्षार आत येतच नाही.

हीट एक्स्चेंजर बसवल्याने उष्णता कमी मिळत नाही का?

हो, थोडी कमी मिळते. मधे भिंत आली की कलेक्टरमधला द्रव टाकीतल्या पाण्यापेक्षा काही अंश अधिक तापलेलाच ठेवावा लागतो, आणि वरच्या अंदाजाप्रमाणे सपाट कलेक्टरमध्ये दहा अंशांना पाच टक्के जातात. एक्स्चेंजर योग्य आकाराचा असेल तर तोटा साधारण तेवढाच राहतो. खाऱ्या पाण्यावर चालणारा थेट संच काही वर्षांत याच्या कितीतरी पट गमावतो, त्यामुळे बोअरवाल्यांसाठी हा सौदा फायद्याचा आहे. स्वच्छ नळपाणी असणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. मग ग्लायकॉलची चर्चा कशाला?

बहुतेकांसाठी खरोखरच कारण नाही. पण महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या काही पहाटे दवबिंदू गोठतात, हे सर्वांना ठाऊक आहे. निरभ्र रात्री कलेक्टरची पट्टी थेट आकाशाकडे उष्णता फेकते आणि हवेपेक्षा काही अंश थंड होते, त्यामुळे हवा दोन-तीन अंशांवर असतानाही नळीतले पाणी गोठू शकते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि तांब्याची नळी लांबीच्या दिशेने उसवते. हिमालयात, किंवा युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या घरी, ग्लायकॉल हा नित्याचाच भाग असतो.

ग्लायकॉल किती घालावे, आणि गाडीचा कूलंट चालेल का?

गाडीचा कूलंट कधीही वापरू नये. त्यात सहसा एथिलीन ग्लायकॉल असते, ते विषारी आहे, आणि एक्स्चेंजरला बारीक छिद्र पडले तर ते घरातल्या नळाला येते. सौर संचासाठी गंजरोधक मिसळलेले प्रोपिलीन ग्लायकॉल मिळते. त्याचे ४० टक्के मिश्रण उणे २० अंशांच्या थोडे खालीपर्यंत आणि ५० टक्के मिश्रण उणे ३३ अंशांच्या आसपास गोठत नाही. गरजेपेक्षा जास्त घातल्याने सुरक्षितता वाढत नाही, द्रव दाट होतो आणि पंपावर ताण येतो. उणे पाच अंश पाहणाऱ्या गावात ५० टक्क्यांचे मिश्रण घालणे म्हणजे वर सांगितलेला तीन-चार टक्क्यांचा तोटा विनाकारण ओढवून घेणे होय.

महिनाभर गावी गेलो तर हीटरचे काय होते?

पाणी वापरले जात नाही, टाकी तापत जाते आणि प्रवाह निरुपयोगी ठरतो. द्रव फिरेनासा झालेल्या, निवडक लेप (ऊन शोषणारा, पण उष्णता फारशी बाहेर न टाकणारा लेप) असलेल्या सपाट कलेक्टरची पट्टी भर उन्हात १८० अंशांच्या घरात जाऊ शकते. निर्वात नळी २०० अंश ओलांडते. साध्या पाण्याच्या संचात वाफ हवेच्या नळीतून निघून जाते आणि फारसे बिघडत नाही. ग्लायकॉलचे मात्र तसे नाही. साधारण १६० अंशांपलीकडे ते वेगाने मोडू लागते, त्यातून आम्ले तयार होतात आणि गंजरोधक संपतो. ताजे मिश्रण पारदर्शक असते. असा उन्हाळा सोसलेले मिश्रण चहाच्या काढ्यासारखे तपकिरी दिसते आणि त्याला आंबूस, जळकट वास येतो. पीएच सातच्या खाली गेला असेल तर ते बदलावे. गावी जाताना कलेक्टरवर जाड चादर किंवा ताडपत्री टाकणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे. पण रिकाम्या, तापलेल्या काचनळीत भर दुपारी थंड पाणी सोडू नये, ती तडकते. पाणी भरायचे ते सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर.

सपाट कलेक्टर चांगला की निर्वात नळ्या?

किती गरम पाणी हवे यावर ते अवलंबून आहे. उदाहरणादाखल निर्वात नळीची कमाल कार्यक्षमता ६८ टक्के आणि अंशागणिक तोटा १.२ वॅट धरला, तर हवेपेक्षा सुमारे २३ अंशांपर्यंत वर सांगितलेला सपाट कलेक्टर सरस ठरतो आणि त्यापुढे निर्वात नळी. ६० अंशांना ती जवळपास ६३ टक्के देते. जलतरण तलावासाठी निर्वात नळ्या बसवणे म्हणूनच पैशाचा अपव्यय आहे. तिथे काचही नको, उघडी काळी नळी पुरते. नळीतली निर्वात पोकळी शाबूत आहे की नाही हे डोळ्यांनी कळते: तळाशी बेरियमचा चंदेरी थर असतो, हवा शिरली की तो पांढरा पडतो. अशी नळी बदलावी.

पंपाचा वेग वाढवला तर कार्यक्षमता वाढेल का?

थोडी वाढेल आणि लवकरच वाढ थांबेल. प्रवाह दुप्पट केल्याने साधारण कलेक्टरमध्ये एक-दीड टक्का मिळतो, पण पंपाची वीज त्याहून झपाट्याने वाढते आणि वेगाने येणारे पाणी टाकीतले थर घुसळून टाकते. टाकीच्या वरच्या भागात कडक आणि तळाशी थंड पाणी राहिले पाहिजे, कारण कलेक्टरला जितके थंड पाणी परत मिळेल तितके तो चांगले काम करतो.

हवा हा उष्णतावाहक म्हणून कसा आहे?

अंगाने दुबळा. एक घनमीटर पाणी जितकी उष्णता वाहते तितकीच वाहण्यासाठी सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. त्यामुळे हवेचे कलेक्टर मोठ्या वाहिन्यांचे आणि पंख्यांचे असतात. पण आमसूल, आंबापोळी किंवा भाजीपाला सुकवायचा असेल तर शेवटी गरम हवाच लागते; मग मधे पाणी आणून एक्स्चेंजर बसवण्यात अर्थ नाही. शिवाय हवा गोठत नाही, उकळत नाही आणि गळली तरी काही भिजत नाही.

कारखान्यांत आणि वीजप्रकल्पांत पाणी का चालत नाही?

चालते, पण दाबाखाली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून ७३ शेफलर तबकड्यांवर (ऊन एका जागी एकवटणाऱ्या मोठ्या वाटीसारख्या आरशांवर) वाफ तयार करून स्वयंपाक होतो. तिथे पाणी आणि वाफ हेच उष्णतावाहक आहेत. राजस्थानात धुरसर येथील १२५ मेगावॅटचा प्रकल्पही आरशांच्या नळीतच थेट वाफ करतो. अडचण अशी की तापमान वाढेल तसा दाब चढतो, मैलोगणती नळ्या जाड कराव्या लागतात, आणि वाफ साठवून ठेवणे अवघड असते.

म्हणून अन्वस्ताकार, म्हणजे लांब पन्हळीसारख्या वाकवलेल्या, आरशांच्या प्रकल्पांनी तेल स्वीकारले. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या प्रकल्पांपैकी पहिल्याने खनिज तेल वापरले आणि ते ३०० अंशांच्या थोडे वर थांबले. पुढच्यांनी बायफिनाइल आणि डायफिनाइल ऑक्साइड यांचे मिश्रण घेतले, जे ४०० अंशांपर्यंत टिकते. ते १२ अंशांना गोठते, आणि ४०० अंशांच्या जवळ सतत चालवले की हळूहळू मोडून त्यातून हायड्रोजन निघतो. हा हायड्रोजन पोलादी नळीच्या भिंतीतून पाझरत बाहेरच्या निर्वात पोकळीत शिरतो, आणि जी पोकळी उष्णता रोखण्यासाठी मुद्दाम रिकामी ठेवली होती तीच उष्णता वाहू लागते. उष्णतावाहकामुळे कार्यक्षमता घसरण्याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही: द्रव आपले काम नीट करत असतो आणि नळीचे कवच मात्र आतून पोखरत असतो.

त्यापुढची पायरी म्हणजे ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचा वितळलेला क्षार. तो ५६५ अंशांपर्यंत चालतो, स्वस्त आहे, पेटत नाही आणि टाक्यांत साठवता येतो. स्पेनमधला २०११ चा जेमासोलर प्रकल्प अशा साठ्यावर सूर्य मावळल्यावरही १५ तास वीज देऊ शकेल असा बांधलेला आहे. कलेक्टर तापेल तशी त्याची कार्यक्षमता घटते हा नियम इथेही लागू आहे, पण टर्बाइनचा नियम उलटा आहे: ४० अंशांच्या शीतकाला धरून सैद्धांतिक कमाल मर्यादा तेलाच्या ३९३ अंशांना ५३ टक्के आहे आणि क्षाराच्या ५६५ अंशांना जवळपास ६३. दोन्हींचा मेळ घालून तापमान ठरवावे लागते. या क्षाराचा जाच म्हणजे तो २४० अंशांच्या आसपासच गोठू लागतो, त्यामुळे रात्रभर नळ्यांना ऊब द्यावी लागते. नळीत एकदा गोठला की तो दगडच.

नॅनोफ्लुइडमुळे कार्यक्षमता खूप वाढते असे वाचले. ते घ्यावे का?

घरासाठी नको. पाण्यात धातूचे किंवा ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून त्याची वहनक्षमता वाढवण्याची कल्पना १९९५ मध्ये अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी मांडली, आणि प्रयोगशाळेत ती खरी ठरते. पण चांगल्या कलेक्टरमध्ये पाण्यामुळे अडणारी उष्णता मुळातच थोडी असते, त्यामुळे सुधारायला जागाही थोडीच उरते. कण कालांतराने गोळा होऊन तळाशी बसतात, द्रव दाट होतो आणि नळ्या खरवडल्या जातात.

कार्यक्षमता घटली हे घरच्या घरी कसे ओळखावे?

स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, घरात कुणी गरम पाणी वापरत नसताना, कलेक्टरच्या खालच्या आणि वरच्या पाइपाचे तापमान पाहावे. सपाट कलेक्टर नीट वाहत असेल तर फरक दहा अंशांच्या आसपास असतो. वरचा पाइप हात लावू देत नाही आणि खालचा थंडगार आहे, असे असेल तर प्रवाह अडला आहे: क्षार तरी साचले आहेत किंवा पाइपाच्या चुकीच्या उतारामुळे हवा अडकली आहे. दोन्ही पाइप सारखेच कोमट असतील तर ऊनच पोहोचत नाही. काच धुवावी आणि शेजारी नवी टाकी किंवा मजला उभा राहून सावली पडते का ते पाहावे.

दुसरी परीक्षा संध्याकाळी करावी. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांना नेण्यासाठी सुमारे ४.६ युनिट ऊर्जा लागते. निरभ्र दिवशी दोन चौरस मीटर कलेक्टरवर १० युनिटांच्या आसपास ऊन पडते, म्हणजे दिवसभराची कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या जवळ असली की संच ठीक आहे. सूर्यास्तानंतर लगेच टाकीतले पाणी ४५ अंशांपर्यंतच पोहोचलेले दिसले, तर दोष कलेक्टरमध्ये शोधावा. संध्याकाळी ते ६० अंश आणि सकाळी ४५ असेल, तर कलेक्टर आणि त्यातला उष्णतावाहक दोन्ही निर्दोष आहेत. टाकीचे उष्णतारोधक आवरण भिजले आहे, किंवा गरम पाणी रात्री उलटे फिरून कलेक्टरमध्ये निवत आहे. त्यासाठी टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३० सेंटिमीटर उंच आहे ना, हे टेपने मोजून पाहावे.